माझ्या तेरवीची पत्रिका

माझ्या सख्ख्या नातीनं मला मारलं. विळ्यानं नाही, विषानं नाही, कागदावर मारलं. आणि मारलं ते मारलं, वर माझं वय तीन वर्षांनी वाढवून लिहिलं. म्हातारी मेल्याचं दुःख नाही पण काळ सोकावतो, असं लोक म्हणतात. लोकांचं जाऊ द्या. मला म्हातारी मेल्याचंही दुःख आहे आणि त्या तीन वर्षांचंही आहे.

नातीचं नाव जान्हवी. माझ्या एकुलत्या लेकाची, बळीरामची, थोरली पोरगी. हिंगोलीला डी.एड. करते. रोज सकाळी गोरेगावहून जीपनं जाते, दिवस कलायच्या आत परत येते. आमच्या घरात आजवर मास्तर कुणी झालं नाही. मी स्वतः तिसरीतून उठलेली. सोळा वर्षांमागं मालक गेले, तेव्हा भाऊबंद म्हणाले, गिरणी विका, बाईमाणसाला मशीन झेपत नसतं. मी म्हटलं, मशीनला कुठं कळतं पट्टा बाईनं चढवला का बाप्यानं? तेव्हापासून ती पिठाची गिरणी मी चालवते. बळीराम शेत बघतो, सून मिना घर बघते, आणि मी सगळ्यांना बघते.

गिरणीवर दळणाचे डबे येतात, त्यांच्यावर खडूनं नावं लिहावी लागतात, नाहीतर एकीची ज्वारी दुसरीच्या घरी जाते आणि गावात महाभारत होतं. ते काम जान्हवी सहा वर्षांची असल्यापासून करते. काय तिचं अक्षर! दळण घेऊन गेल्यावर बाया डब्यावरचं नाव पुसत नव्हत्या. डी.एड.ला गेल्यावर फळ्यावर लिहायच्या स्पर्धेत पहिली आली. मी त्या दिवशी गिरणीवर आलेल्या प्रत्येकीला गूळ दिला.

पुढं तिच्या कॉलेजात कॉम्प्युटरचा तास सुरू झाला. आता म्हणे शाळेत पडद्यावर शिकवायचं, हजेरी मशीनवर, लेकरांचे गुण मशीनवर. मी विचारलं, "कसं काय चाललंय तुझं कॉम्प्युटर?"

"चांगलं चाललंय," ती म्हणाली.

चांगलं म्हटल्यावर ती पहिली आली असंच मी समजले. आणि समजलेलं पोटात ठेवायची मला सवय नाही. दोन महिने गिरणीवर आलेल्या दर बाईला मी सांगितलं, माझी नात कॉम्प्युटरमधी पयली हाय.

मग एका गुरुवारी ती दुपारीच घरी आली. म्हणाली, प्रॅक्टिकल झालं, आता दोन आठवडे सुट्टी. मधी दोन दिवस तेवढी हिंगोलीला गेली, कॉलेजात कागद द्यायचेत म्हणाली. बाकी घरीच. आणि त्या दिवसांत तिनं माझी जी सेवा केली, तशी मालकांची मीही कधी केली नाही. सकाळी चहा हातात, संध्याकाळी पायाला तेल, ताटात साय माझ्या वाटणीची. मधूनच माझ्या तोंडाकडं बघत बसायची. मी म्हटलं, शिकल्याचा गुण दिसून राहिला.

मिना एकदा म्हणाली, "आत्या, पोरीचं काहीतरी बिनसलंय."

"तुझं बिनसलंय," मी म्हटलं. "लेकरू पाय चेपून राहिलं, तर तुझ्या पोटात दुखतंय व्हय?"

मिनाचं बराबर होतं. पण सुनेचं बराबर असतं तेव्हा सासूला जरा उशिरानं कळतं.

*

सुट्टी संपत आली तेव्हा मंगळवारी अकराच्या सुमाराला पट्टा सारखा घसरत होता. मी खाली वाकून बघायला गेले आणि वरचं पिशवीतलं पीठ भसकन माझ्या अंगावर आलं. डोक्यापासून पायापर्यंत मी पांढरी. तेवढ्यात दारात जीप थांबली म्हणून मी गिरणी बंद केली.

जीपमधून दहा-बारा पोरं-पोरी उतरल्या. पोरींच्या एकसारख्या साड्या, पोरांचे पांढरे सदरे, सगळ्यांच्या माना खाली. पुढं डोक्यावरून ओढणी घेतलेली एक बाई. एका पोराच्या हातात टॉवेल-टोपी, दुसऱ्यानं छातीशी कसलीशी चौकट उलटी धरलेली. सगळ्यांनी चपला बाहेरच काढल्या. टॉवेल-टोपी घेऊन माणूस कुठं जातं, हे मला कुणी सांगायला नको. मी पण डोक्यावर पदर घेतला, गिरणीतल्या अंधारातूनच विचारलं, "कोण गेलं बाबा?"

चौकटवाला पोरगा हळूच म्हणाला, "जान्हवीच्या आजी गेल्या ना."

जान्हवीची आजी! म्हणजे मिनाची आई, कळमनुरीची! दोन महिन्यांमागं तर धडधाकट बघितली होती मी तिला. मी तिथूनच टाहो फोडला, "मिना गं! ये बाई भाईर! तुझी माय गेली गं!"

मिना कणकेच्या हातानं पळत आली आणि उंबऱ्यातच बसकण मारून तिनं जो गळा काढला, की समोरच्या गल्लीतल्या बाया गोळा झाल्या. मी रडत रडत अंधारातून पुढं आले, त्या पोराच्या हातातली चौकट सरळ केली, म्हटलं विहिणीचं तोंड तरी बघावं.

चौकटीत मी होते.

चंदनाचा हार घातलेली. कपाळावर बुक्का. खाली सोनेरी अक्षरांत माझं नाव.

मी चौकटीकडं बघितलं, पोरानं माझ्याकडं बघितलं. त्याच्यामागची एक पोरगी, खुशनुमा तिचं नाव, ती अशी किंचाळली की जीपचा ड्रायव्हर उतरून पळत आला. तिचं काय चुकलं? जिच्या तेरवीला आली, तीच बाई पांढरीफक्क होऊन अंधारातून चालत आली, वर विचारते कोण गेलं. दोन पोरी एकमेकींना धरून बसल्या. पोराच्या हातून चौकट निसटली ती मी झेलली. बाकी काही असो, काच फुटलेली मला चालत नाही.

"या अल्लाह!" ओढणीवाल्या बाई म्हणाल्या. "आजी, तुम्ही... तुम्ही जनकाबाई?"

"दुसरी कोण दिसते? आन् तुमी कोण?"

"मी हुमेरा. जान्हवीची कॉम्प्युटरची मॅडम." त्यांनी ओढणी सावरली. "आज तुमची तेरवी आहे ना, म्हणून आम्ही..."

मिना उंबऱ्यातून म्हणाली, "मंग माझी माय?"

"तुझी माय ठणठणीत हाय," मी म्हटलं. "मी मेले. उठ, पानी आण मॅडमला."

*

मॅडमनी पर्समधून एक घडी केलेला कागद काढला. मी पदरानं तोंड पुसलं, चष्मा लावला आणि बोट ठेवून एकेक अक्षर वाचलं. मला घाई नव्हती. मेलेल्या माणसाला कसली घाई?

वर तेरवी असं लिहिलेलं. चारी बाजूंनी काळी नक्षीची चौकट. मधोमध माझा फोटो, पुतणीच्या लग्नातला. फोटो बरा होता, खोटं कशाला बोलू. पण नावाच्या आधी कै. लिहिलेलं. मालक गेल्यापासून माझ्या नावापुढं गं. भा. लागतं, त्यालाच किती वर्षं लागली मला सवय व्हायला. आता त्याच्या जागी कै. मी चष्मा काढून पदरानं पुन्हा पुसला. लोकांना वाटलं काचेला पीठ लागलंय. वाटू दिलं.

"वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी," मी मोठ्यानं वाचलं. "कोण म्हणतं एकाहत्तर? मला अडुसष्टावं चालू हाय. अल्पशा आजारानं. मला कव्हा आजार झाला? आन् ह्ये बघा, शोकाकुल. जावयाचं नाव लेकाच्या आधी! ह्या घरात काही रीत हाय का न्हाई?"

सगळ्यात शेवटी होतं, स्थळ: राहते घर, पिठाच्या गिरणीजवळ, गोरेगाव. तारीख आजची. वेळ अकरा.

"जान्हवीनं ऑफिसात दिला हा कागद," मॅडम म्हणाल्या. "त्या गुरुवारी प्रॅक्टिकल होतं. सकाळी तिचा मेसेज आला, आजी वारली, येऊ शकत नाही. परीक्षा चुकली म्हणून प्राचार्यांनी पुरावा मागितला. तर तिनं पत्रिका आणून दिली. मीच वर्गाला म्हटलं, पोरीवर एवढं दुःख आलंय, आपण तेरवीला जायला पाहिजे. तिथून पुढं मला कवठ्याच्या शाळेत पाठ बघायला जायचंच होतं."

जान्हवी कुठं होती? ज्वारीच्या पोत्यांमागं. मिनानं दंडाला धरून पुढं आणली. तिचं तोंड माझ्यापेक्षा पांढरं, आणि तिच्या अंगावर तर पीठही नव्हतं.

"काहून केलंस?" मी विचारलं.

ती पोत्याची सुतळी उसवायला लागली. चौकटवाला पोरगा, विश्वजीत, वर्गाचा प्रतिनिधी, तो म्हणाला, "आजी, ती कॉम्प्युटरच्या तासाला बसतच नव्हती. दोन महिने. भाईर लिंबाखाली बसायची."

"दोन महिने?" हा मला दुसरा धक्का. पहिल्यात मी नुसती मेले होते. ह्यात माझी दोन महिन्यांची फुशारकी मेली, आणि ती ऐकलेल्या बाया समोरच उभ्या होत्या.

"पयल्याच तासाला पोरं हासली," जान्हवी खाली बघून म्हणाली. "आख्ख्या तासात माझी एक ओळ झाली, आजी. एका बोटानं. फळ्यावर मी सगळ्यांच्या पुढं आसते. तिथं माझं अक्षरच न्हाई. कुणीबी बटन दाबा, समद्यांचं अक्षर सारखंच. मी कोणच न्हाई तिथं."

"मंग घरी सांगायचं व्हतं."

आता तिनं मान वर केली. "कसं सांगू? तू दर डब्यामागं सांगून राहिलीस, माझी नात पयली हाय म्हणून. बाया मला रस्त्यात आडवून विचारायच्या, मोबाईलमधी फारम भरून दे. प्रॅक्टिकलमधी नापास झाले आसते तर तुझं नाक कापलं आसतं."

"नाक वाचवायला आख्खी आजीच मारलीस व्हय गं?"

मागं एक बाई फिसकन हसली. मी बघितलं तशी तिनं तोंडाला पदर लावला.

मॅडम माझ्याजवळ सरकल्या. "आजी, हसण्यावारी नेण्यासारखं नाही. ऑफिसात खोटा कागद दिला की नाव कमी करतात. मला प्राचार्यांना सांगावंच लागेल. पोरगी गुणाची आहे, पण माझे हात बांधलेत."

नाव कमी. म्हणजे डी.एड. संपलं. म्हणजे ही पोरगी उद्यापासून गिरणीवर डब्यांना खडू लावत बसणार, जन्मभर.

तेव्हा मिना बोलली. माझी सून एरवी चार शब्द बोलत नाही. पण पोटचं लेकरू बुडायला लागलं की गोगलगायीलाही पाय फुटतात.

"मॅडम, तसं न्हाई. आत्याच्या डोक्यावर कावळा बसला व्हता. त्या गुरुवारी, सकाळच्या पारी. तसं झालं का आमच्यात माणूस गेलं म्हणून खोटी खबर देतेत. लोकं रडले का मरण टळतं. आमीच सांगितलं पोरीला, खबर दे म्हणून."

मी मिनाकडं बघतच राहिले. बावीस वर्षं ह्या बाईच्या हातची भाकर खाल्ली, हिच्यात एवढं डोकं आहे हे मला आज कळलं.

रीत तर खरी आहे. माझ्या लहानपणी आमच्या चुलत्याच्या डोक्याला कावळा शिवला होता, तेव्हा त्याच्या सासरी निरोप धाडला होता, पाव्हणे गेले म्हणून. सासू रडत रडत चार कोस आली, दारात जावई बिडी ओढत बसलेला. तिनं त्याला आधी चपलेनं झोडलं, मग गोड जेवण झालं.

मॅडमच्या तोंडावर एकदम उजेड आला. "असं होतं का? ऐकलंय मी. आमच्या गल्लीत पण करतात लोक. मग आजी, तुम्ही घरातल्या मोठ्या. तुम्ही दोन ओळी लिहून सही द्या, की रीतीप्रमाणे आम्हीच खबर द्यायला लावली. मी प्राचार्यांना समजावते. पोरीचं वर्ष वाचेल."

विश्वजीतनं वही पुढं केली. मॅडमनी पेन दिलं. मला सही येते. बँकेत मी अंगठा देत नाही, नाव लिहिते. सगळे माझ्या हाताकडं बघायला लागले. मिना तर डोळ्यांनीच माझे पाय धरत होती.

खरं सांगते, पेन मी कागदाला टेकवलं होतं. ज लिहून झाला होता.

मग मी जान्हवीला विचारलं, "एक सांग. आजी मेली म्हणून तोंडानं कुणाला म्हणालीस?"

"न्हाई." तिच्या डोळ्यांतनं पाणी गळायला लागलं. "एकदाबी न्हाई, आजी. नुसतं लिवलं. पत्रिकासुदा हिंगोलीच्या कॉम्प्युटर सेंटरवाल्याकडून करून घेनार होते. पण त्याला तोंडानं सांगावं लागलं आसतं, आजी गेली, आमक्या दिवशी गेली. तिथं जीभच उचलंना. म्हणून कोपऱ्यातल्या मशीनवर मीच बसले. दोन दिवस, सकाळपासून संध्याकाळपोत. आजोबांच्या तेरवीची पत्रिका ट्रंकेतून नेली व्हती, तिच्यावर बघून बघून केली. पत्ता-तारखेचा रकाना मोकळा ठेववंना, म्हणून खराच घातला. प्रिंटवाला कागद वाचत न्हाई, नुसता हातात देतो."

मी पेनचं टोपण लावलं.

"मॅडम, ह्या तुमच्या परीक्षेत काय काय आसतं?"

"अं? एक पान मराठीत टाईप करायचं. फोटो बसवायचा, चौकट घालायची, नावं नीट दोन रांगांत मांडायची, छापून द्यायचं."

मी ती पत्रिका त्यांच्या मांडीवर ठेवली. "मंग ह्ये काय हाय?"

मॅडमनी कागद उचलला. इतके दिवस त्यांच्याजवळ होता, पण दुखवट्याचा कागद म्हणून बघितलेला. आता मास्तरणीच्या डोळ्यांनी बघायला लागल्या. चौकटीवरून बोट फिरवलं. नावांच्या रांगांवरून फिरवलं. मग जान्हवीकडं बघितलं.

विश्वजीत म्हणाला, "सेंटरवाल्यानंच केलं असंल, मॅडम. आमच्यातल्या निम्म्यांना अजून श्र काढता येत नाही."

"मला येतो," जान्हवी म्हणाली. "श्रद्धांजलीत लागतो."

"आत्या," मिना माझ्या कानाशी आली, "सही करा ना."

"मिना, तुझं डोकं आज लई चाललं, त्याबद्दल तुला मी लुगडं घेईन," मी म्हटलं. आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले. "मॅडम, कावळा न्हाई बसला. माझ्या डोक्यावर बसायची कावळ्याची हिंमत न्हाई. रीत आमच्या वाडवडलांची हाय, ती मी ह्या पोरीच्या भानगडीवर पांघरून म्हणून घालणार न्हाई. ही उद्या चाळीस लेकरांसमोर उभी राहणार. एखादं लेकरू आजी मेली सांगून शाळा चुकवंल, तव्हा ही कोणत्या तोंडानं त्याला बोलंल? खोटं हिनं केलं. आन् दोन महिने खोटं मीबी सांगितलं, दर डब्यामागं. हिला पयली म्हणायचं मला कुणी सांगितलं नव्हतं. ह्या समद्या बाया साक्षीदार हायेत, बोलावलं नव्हतं तरी आल्यात."

आयुष्यात मी कधी असं बोलले नव्हते. मी डब्यावर बसले.

"फक्त एक करा," मी म्हटलं. "तुमचं ते मशीन संगं हाय का?"

*

मॅडमच्या पिशवीत लॅपटॉप होता. मी गिरणीच्या कट्ट्यावरचं पीठ झटकलं, पोतं अंथरलं. जान्हवी समोर बसली. पोरं मागं उभी राहिली, बाया त्यांच्यामागं.

"आजी, सांगा, काय लिहायचं?" मॅडम म्हणाल्या. "तुमचीच बातमी खोटी आलीय."

मी सांगत गेले. ती लिहीत गेली. पहिल्या ओळीला तिचा हात इतका कापत होता की बटणांची नुसती खडखड. विश्वजीत काहीतरी सांगायला वाकला तसा मी त्याचा सदरा धरून मागं ओढला. मग ती हळूहळू लागली लिहायला. एका बोटाची दोन झाली, दोनाची चार. मी गिरणीचा पट्टा पहिल्यांदा चढवला तेव्हा माझा हात असाच कापत होता. तेव्हा मी सगळ्यांना बाहेर काढून दार लावून घेतलं होतं, कुणी बघू नये म्हणून. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. ह्या पोरीला दार लावायला कॉम्प्युटरच्या खोलीत जागा नव्हती, म्हणून ती लिंबाखाली गेली.

मधल्या वेळात मी मिनाला पिठलं-भाकरी टाकायला लावली. तेरवीला आलेलं माणूस उपाशी जात नसतं. माझ्या तेरवीला मी स्वतः वाढलं. किती जणींच्या नशिबात असतं? खुशनुमा नावाची ती पोरगी भाकरी घेताना सुद्धा माझ्या हाताला हात लागू देत नव्हती.

"हाय मी, हाय," मी म्हटलं. "चिमटा काढून बघ."

तिनं खरंच काढला.

पान झालं तसं मॅडमनी मला दाखवलं. तोच फोटो, पण चौकट काळी नाही, वेलबुट्टीची. खाली लिहिलेलं:

गं. भा. जनकाबाई राधाकृष्ण जिवंत आहेत. अडुसष्टावे वर्ष चालू. प्रकृती उत्तम. पिठाची गिरणी नेहमीप्रमाणे चालू आहे. दळण आणावे.

त्याखाली घरातल्यांची नावं, दोन सरळ रांगांत. लेकाचं पहिलं, जावयाचं दुसरं. शोकाकुलच्या जागी तिनं आपल्या मनानं आपले नम्र असं घातलं होतं.

मॅडमनी पान जपून ठेवलं आणि लॅपटॉप मिटला. मग म्हणाल्या, "आजी, नाव कमी होणार नाही असा शब्द मी देत नाही. ते माझ्या हातात नाही. पण हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं, तेवढं लिहीन. खोटं काय केलं, ते हिनं उद्या प्राचार्यांना स्वतः सांगायचं. लिहून नाही. तोंडानं."

जाताना विश्वजीत विचारायला लागला, पत्रिकेवरच्या फोटोवरून वर्गानं करून आणलेली चौकट परत नेऊ का.

"फोटो राहू दे," मी म्हटलं. "चांगला आलाय, आज न्हाई उद्या लागंलच. हार तेवढा ने बाबा."

*

दुसऱ्या दिवशी सकाळच्या जीपनं आम्ही दोघी हिंगोलीला गेलो. मी नऊवारी इरकल नेसले होते. पुरावा म्हणून जायचं तर नीट जावं. कारकुनानं नाव विचारलं, मी सांगितलं. त्यानं फायलीत बघितलं, मग माझ्याकडं बघितलं, मग पुन्हा फायलीत बघितलं आणि उठून खुर्ची दिली.

प्राचार्यांसमोर जान्हवी उभी राहिली. मी एक शब्द बोलले नाही. आतून जीभ चावून धरली होती. मग म्हणाली, "सर, माझी आजी जिवंत आहे. मला कॉम्प्युटर येत नव्हता, मला लाज वाटत होती, म्हणून मी खोटा कागद दिला."

प्राचार्यांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. काळ्या चौकटीचा आणि वेलबुट्टीचा. मॅडमचं लिहिलेलं वाचलं. मग ते पोरीला जे बोलले ते मी इथं लिहीत नाही. बराबर बोलले, एवढं पुरे. फळ्याच्या स्पर्धेचं बक्षीस परत घेतलं. माफीचं पत्र स्वतः टाईप करून महिनाभर नोटीस बोर्डावर लावायचं, येता-जाता सगळ्यांनी वाचायचं. प्रॅक्टिकल पुढच्या महिन्यात पुन्हा, बाहेरच्या परीक्षकासमोर. पण नाव राहिलं.

बाहेर आल्यावर ती लिंबाच्या झाडाखाली थांबली. त्याच झाडाखाली. माझ्या तोंडाकडं बघत होती, तेरा दिवस बघायची तशी.

"आजी, बोल ना काहीतरी," ती म्हणाली. "कालपासून तू मला काहीच बोलली न्हाईस. शिव्या तरी दे."

मी तिच्या खांद्यावर पडलेला लिंबाचा पाला झटकला आणि बोलले. झाडाखाली बसलेल्या पोरांनीही ऐकलं. ऐकू द्या.

"आईक. आजीला मारलंस, त्याचं पाप तुझं तू फेड. माझं वय वाढवलंस, ते मी मरेपोत इसरणार न्हाई. पण खोटं बोलायचं तुला काडीचं येत न्हाई, जान्हवे. खोटं बोलणारं माणूस पत्रिकेवर खरा पत्ता छापत नसतं, खरी तारीख टाकत नसतं, आन् रकाना मोकळा राहिला म्हणून त्याचा जीव खालीवर व्हत नसतो. चोरी करायला गेलीस आन् दारावर आपलं नाव लिवून आलीस, तेबी चांगल्या अक्षरात. तू दुसऱ्या कशाच्याच लायकीची न्हाईस. तू मास्तरीणच व्हशील. चल, जीप सुटंल."